खेळ हाच धडा : नववीच्या इतिहासाच्या तासाला ‘ओरेगन ट्रेल’

निंबोणी (धागाकर्ती)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. संगणकीय खेळांच्या साहाय्याने शिकवावे की नाही यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण त्या बोलण्यात खेळाची जागा कडू गोळीवरच्या साखरेची असते. मला सांगायचा अनुभव थोडा निराळा आहे. गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी मी एका खेळालाच धडा केले. एखादी बखर किंवा फर्मान वाचताना आपण विचारतो की हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, काय सांगितले आणि काय गाळले. तेच प्रश्न मुलांनी खेळाला विचारावेत, एवढीच कल्पना होती.

खेळ निवडला तो ‘ओरेगन ट्रेल’. त्याच्या जन्माची हकिगत शिक्षकांनी ऐकण्यासारखी आहे. १९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात डॉन रॉविट्श हे विद्यार्थी-शिक्षक आठवीच्या वर्गाला पश्चिमेकडील स्थलांतराचा इतिहास शिकवत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिसुरी राज्यातून बैलगाड्या जोडून सुमारे ३,२०० किलोमीटरवरच्या ओरेगनला निघालेल्या कुटुंबांचा हा इतिहास. रॉविट्श यांनी मोठ्या कागदावर नकाशा काढून फासे आणि पत्ते यांचा एक बैठा खेळ करायला घेतला होता. त्यांच्याबरोबर राहणारे बिल हायनमन आणि पॉल डिलेनबर्गर हे गणिताचे विद्यार्थी-शिक्षक होते आणि त्यांना संगणकाची भाषा येत होती. त्यांच्या मदतीने दोन आठवड्यांच्या आत तो खेळ संगणकावर उतरला आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी वर्गात प्रथम खेळला गेला. तेव्हा पडदा नव्हता. दूरमुद्रक यंत्र कागदाच्या गुंडाळीवर एकेक ओळ छापत असे आणि मुले त्याखाली उत्तर टंकित करत. शिकार साधायची असेल तर ‘बँग’ हा शब्द न चुकता आणि झटपट टंकित करावा लागे. मुलांनी कामे आपोआप वाटून घेतली होती : हात भरभर चालणारा एक, नकाशा सांभाळणारा एक, हिशेब ठेवणारा एक. सत्र संपल्यावर रॉविट्श यांनी आज्ञावलीचा छापील कागद जपून ठेवला आणि १९७४ मध्ये मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणन संस्थेत काम मिळाल्यावर ती पुन्हा टंकित केली. पुढे प्रवाशांच्या रोजनिश्या वाचून त्यांनी त्यातील संकटांचे प्रमाणही सुधारून घेतले.

आमच्या प्रयोगशाळेत चौदा संगणक आहेत, त्यांपैकी नऊ चालतात. या खेळाची १९९० ची आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर न्याहाळकातच (ब्राउझरमध्येच) उघडते, त्यामुळे काही विकत घ्यावे लागले नाही. जोडणी माझ्या मोबाइलची. एका संगणकापुढे चार-पाच मुले. इंग्रजी शब्दांची यादी मराठी अर्थांसह भिंतीवर लावली होती. एकूण सहा तास मिळाले. दोन खेळण्यात गेले आणि चार खेळ थांबवून बोलण्यात.

सुरुवातीलाच खेळ विचारतो की तुम्ही कोण आहात : बोस्टनचे सावकार, ओहायोचे सुतार की इलिनॉयचे शेतकरी? (मूळ शब्द बँकर आहे, सावकार हा आमच्या मुलांनी केलेला अनुवाद.) सावकाराला १,६०० डॉलर मिळतात, सुताराला ८०० आणि शेतकऱ्याला ४००. पहिल्या दिवशी नऊच्या नऊ गट सावकार झाले. दुसऱ्या तासाला एका मुलीच्या लक्षात आले की शेवटी गुण मोजताना शेतकऱ्याचे गुण तिप्पट होतात आणि सुताराचे दुप्पट. मी तिथेच खेळ थांबवला आणि विचारले की हा नियम कोणी केला असेल आणि का. एका गटाचे म्हणणे पडले की गरिबाने केलेला तोच प्रवास अधिक मोलाचा आहे, हे खेळाने मान्य केले. त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, “म्हणजे ह्यांच्यासाठी गरिबी ही फक्त अवघड लेव्हल आहे.” त्या एका वाक्यावर उरलेला तास गेला.

बैलांच्या बाबतीत मात्र मुलांनी मलाच शिकवले. दुकानदार किमान तीन जोड्या घ्यायला सांगतो. ज्यांच्या घरी टायरगाडी आहे अशा मुलांनी लगेच आकडेमोड सुरू केली की एवढ्या ओझ्याला, एवढ्या चढाला आणि वाटेत कडबा विकत मिळत नसताना तीन जोड्या कशा पुरतील. त्यांच्या मते दुकानदार भला माणूस आहे, कारण खरा दुकानदार पाच सांगेल.

आपल्यापैकी कोणी असे काही केले असल्यास जाणून घ्यायला आवडेल. आक्षेपही अवश्य मांडावेत.

सेवानिवृत्त खडू

निंबोणीताई, आपल्या उत्साहाचे कौतुक आहे, पण छत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेला मनुष्य म्हणून काही शंका मांडतो.

पहिली शंका वेळेची. इतिहासाचे आठवड्याला मिळणारे तास पाहता सहा तास म्हणजे जवळजवळ एक प्रकरण जाते. आपण ते कोणत्या प्रकरणातून काढले हे लिहिलेले नाही.

दुसरी अशी की संगणकीय खेळ सगळ्याच मुलांना आवडतात, हे गृहीतच मुळी तपासून पाहावे लागेल. शिक्षणाचे अभ्यासक कर्ट स्क्वायर यांनी दोन दशकांपूर्वी अमेरिकेतील शाळांत ‘सिव्हिलायझेशन ३’ हा खेळ जागतिक इतिहासाच्या तासाला वापरून पाहिला होता. ते स्वतः या पद्धतीचे पुरस्कर्ते, तरीही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे की सुमारे चौथाई मुलांना तो खेळ अवघड आणि कंटाळवाणा वाटून त्यांनी अंग काढून घेतले. तेवढ्याच मुलांना तो मनापासून आवडला हेही खरे, पण अंग काढून घेणाऱ्या मुलांचे काय करायचे याचे उत्तर शिक्षकालाच द्यावे लागते. पुस्तक न आवडणाऱ्या मुलाला निदान मोठ्याने वाचून दाखवता येते.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपणच म्हणता की खरा तास खेळ थांबवल्यावर झाला. मग थांबवण्यासाठी खेळ सुरू तरी कशाला करायचा? एखाद्या प्रवाशाच्या रोजनिशीतील दोन पाने मराठीत करून दिली असती तर याच चार तासांची चर्चा वीज, जोडणी आणि नऊ संगणक यांच्याविना झाली असती.

त्रैराशिक

मी गणिताचा माणूस आहे, इतिहासात लुडबूड करत नाही. पण या खेळाची एक बाजू इथे आलेली नाही. त्याची मूळ आज्ञावली १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणकविषयक नियतकालिकात पूर्ण छापली गेली होती आणि बेसिक ही संगणकाची भाषा जाणणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. ती वाचली की खेळ हा धडा कसा होतो याचे वेगळेच उत्तर मिळते.

त्या आवृत्तीत प्रवास २९ मार्च १८४७ रोजी सुरू होतो. तुमच्याकडे ९०० डॉलर साठलेले असतात, त्यांतले २०० गाडीवर खर्च झालेले असतात, म्हणजे हाती उरतात ७००. एक फेरी दोन आठवड्यांची. प्रत्येक फेरीत संगणक शून्य ते शंभरमधला एक आकडा काढतो आणि एका ओळीत लिहून ठेवलेल्या चढत्या संख्यांशी तो ताडून पाहतो. ती ओळ ६, ११, १३, १५, १७, २२, ३२ अशी सुरू होते. आकडा सहापर्यंत आला तर गाडी मोडते, सहा ते अकरामध्ये आला तर बैलाचा पाय दुखावतो, आणि असेच पुढे. म्हणजे गाडी मोडण्याची शक्यता शंभरात सहा आणि बैल जायबंदी होण्याची शंभरात पाच. संचयी वारंवारतेचे यापेक्षा चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही, कारण इथे त्या संख्येला परिणाम आहे : तुमचा बैल लंगडतो.

खडूसरांच्या तिसऱ्या शंकेला माझ्यापुरते उत्तर असे की रोजनिशी एका कुटुंबाचे काय झाले ते सांगते, तर ही ओळ सर्व कुटुंबांचे काय होऊ शकते याबद्दल दावा करते. तो दावा बरोबर आहे की चूक, हे विचारता येते आणि मोजता येते. पन्नास वेळा खेळून नोंदी ठेवल्या तर संगणकाशिवायही, चिठ्ठ्या टाकून, तो तपासता येईल.

जाता जाता भाषेविषयी एक निरीक्षण. त्या आज्ञावलीत समोरून येणाऱ्या आणि कदाचित हल्ला करणाऱ्या लोकांना नुसते ‘घोडेस्वार’ म्हटले आहे. ‘इंडियन’, म्हणजे तिथले मूळनिवासी, हा शब्द येतो तो त्यांनी तुम्हाला अन्न कुठे मिळेल ते दाखवले या घटनेत. लिहिणाऱ्याने शब्द विचार करून वापरलेले दिसतात.

निंबोणी (धागाकर्ती)

खडूसर, पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे : चार तास प्रकल्पासाठी राखलेले होते आणि दोन मी संगणकाच्या शिक्षकांकडून उसने घेतले. कोणतेही प्रकरण गेले नाही. दुसऱ्या शंकेबाबत आपले म्हणणे मान्य आहे. माझ्या वर्गातही सहा-सात मुले पडद्यापासून दूरच राहिली. त्यांच्याकडे नोंदवही दिली. नंतर असे दिसले की कोण काय निवडतो हे खेळणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त चांगले सांगता येत होते. पण हा उपाय दरवेळी चालेल अशी खात्री मी देणार नाही.

तिसऱ्या शंकेवर मी बरेच दिवस विचार केला आहे. उतारा वाचताना मूल दुसऱ्याच्या कृतीचा न्याय करत असते. खेळात ती कृती त्याने स्वतः केलेली असते. आमच्या वर्गात हे शिकारीच्या वेळी कळले. या आवृत्तीत बंदूक फिरवून बायसन म्हणजे रानरेडे टिपता येतात आणि मुलांनी गोळ्या संपेपर्यंत ते टिपले. शिकार संपल्यावर पडद्यावर ओळ आली की तुम्ही अमुक पौंड मांस मिळवले, पण गाडीपर्यंत १०० पौंडच आणता आले. एका गटाने नऊशेच्या वर पौंड मिळवून आठशे रानात टाकले होते आणि त्या आकड्यावर टाळ्या पडल्या होत्या. मी काहीच म्हटले नाही. पुढच्या तासाला फळ्यावर एवढेच लिहिले की उत्तर अमेरिकेत कोट्यवधी असलेले हे प्राणी १८८० च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास उरले. त्याला मुख्यतः कातड्याचा व्यापार आणि रेल्वे कारणीभूत होती, गाड्यांतून जाणारी कुटुंबे तेवढी नव्हे, हेही सांगितले. तरीसुद्धा टाळ्या वाजवलेल्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. रोजनिशीचे दोन उतारे नंतर मी दिलेच, पण ते वाचताना मुले ‘आपण’ असे म्हणत होती, ‘ते लोक’ असे नाही.

मिसिसिपीकाठ

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. आईवडिलांबरोबर मी १९८७ साली दहा वर्षांचा असताना सेंट पॉलच्या उपनगरात आलो, म्हणजे हा खेळ ज्या राज्यात जन्मला तिथेच माझी शाळा झाली. ग्रंथालयात ॲपल टू संगणक होते आणि शुक्रवारी गृहपाठ पूर्ण असेल तर ‘ओरेगन ट्रेल’ खेळायला मिळे. तो आम्हाला बक्षीस म्हणून मिळत असे, धडा म्हणून कधीच नाही. पाच प्रवाशांना नावे देता येत, ती आम्ही वर्गमित्रांची देत असू, आणि मग अमुक पटकीने मेला, तमुक आमांशाने मेला असे वाचून हसत असू. गाडीतले सगळे दगावले की थडग्यावर मजकूर कोरता येई. तो तबकडीवर साठून राही आणि नंतर खेळणाऱ्याला त्याच ठिकाणी दिसे. त्या दगडांवर आम्ही काय काय लिहिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मुद्दा हा की आम्हाला कोणी थांबवले नाही. त्या खेळातून मला नदी कशी ओलांडायची आणि सुटे आस बरोबर ठेवायचे हे समजले, पण ज्या जमिनीवरून गाडी चालली होती ती कोणाची, हा प्रश्न पडला नाही. खेळात मूळनिवासी माणूस भेटतो तो स्नेक नदीवर, आणि काही कपडे घेऊन पैलतीर गाठून देतो. आमच्या शाळेपासून जेमतेम १३० किलोमीटरवर मॅनकॅटो हे गाव आहे. तिथे २६ डिसेंबर १८६२ रोजी डकोटा या मूळनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली होती. ते मला महाविद्यालयात गेल्यावर कळले.

आकडेच पाहायचे तर इतिहासकार जॉन अनरू यांनी १८४० ते १८६० या काळातील नोंदी तपासल्या. मूळनिवासींच्या हातून मारले गेलेले प्रवासी ३६२ निघाले आणि प्रवाशांच्या हातून मारले गेलेले मूळनिवासी ४२६. लाखो माणसे ज्या वाटेने गेली तिथले हे वीस वर्षांचे आकडे आहेत. खरा मारेकरी रोगराई होती, मुख्यतः पटकी, आणि त्या बाबतीत खेळ चित्रपटांपेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे. २०२१ मध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीसाठी मात्र मूळनिवासी इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेतला गेला आणि त्यात मूळनिवासी पात्रे स्वतः प्रवास करतात. ताई, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता आल्या तर ‘इतिहासलेखन बदलते’ हा धडा वेगळा शिकवायला नको.

एक इशाराही देतो. मिनेसोटाच्या त्याच शैक्षणिक संगणन संस्थेने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘फ्रीडम’ नावाचा खेळ शाळांना दिला होता. त्यात मुलांनी गुलामगिरीतून पळून उत्तरेकडे जाणाऱ्या माणसाची भूमिका करायची होती. हेतू चांगला होता. पण पुरेशी पूर्वतयारी न करता तो वर्गात सोडला गेला, कृष्णवर्णीय मुलांची चेष्टा झाल्याच्या तक्रारी आल्या, पालक संतापले आणि संस्थेला तो मागे घ्यावा लागला. दुसऱ्याच्या यातनेची भूमिका करणे आणि ती समजणे यांत अंतर आहे. ज्याच्या घरात ती यातना खरोखर होऊन गेली आहे, तो मुलगा वर्गात बसलेला असतो.

व्हिस्टुलातीर

पोलंडमध्ये राहतो, म्हणून एवढीच भर घालतो. जून २०२० मध्ये इथल्या पंतप्रधानांनी ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ माध्यमिक शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेत असल्याचे जाहीर केले आणि तो शाळांसाठी विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आला. वाचनाच्या यादीत खेळ, ही गोष्ट धागाकर्तीच्या कल्पनेशी अगदी जुळते. वॉर्सा येथील कंपनीने २०१४ मध्ये काढलेला हा खेळ १९९२ ते १९९६ मधील सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यात तुम्ही सैनिक नसता, अडकलेले सामान्य नागरिक असता. दिवसा बाहेर पडलात तर नेमबाज टिपतात, रात्री दुसऱ्यांच्या घरात शिरून औषधे आणि अन्न शोधावे लागते. म्हाताऱ्या जोडप्याची औषधे उचलली तर खेळ तुम्हाला दंड करत नाही, पण तुमचे पात्र खचत जाते. खेळाला अठरा वर्षांवरील वयोगटाचे प्रमाणपत्र असल्यामुळे तो सज्ञान झालेल्या विद्यार्थ्यांपुरताच आहे आणि सक्तीचाही नाही. नववीला तो देऊ नये हे वेगळे सांगायला नको.

पडद्यामागे

मी पुण्यात खेळ तयार करण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून बनवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. खेळात मत असते ते संवादांत किंवा चित्रांत असते असे लोकांना वाटते. आमच्या दृष्टीने ते नियमांत असते : काय केल्यास काय मिळते, आणि काय करताच येत नाही. शिकारीला बटण आहे पण वाटेत कोणाकडे राहण्याची परवानगी मागायला बटण नाही, इथेच सगळे ठरून जाते. वर्गात खेळ वाचायचा तर मुलांना क्रियापदांची यादी करायला सांगावी. या खेळात आपल्याला कोणती क्रियापदे दिली आहेत? विकत घे, थांब, शिकार कर, ओलांड, देवघेव कर. ती यादी म्हणजेच त्या खेळाचे जगाविषयीचे म्हणणे.

कोणीतरी विचारणारच की आपला खेळ का नाही घ्यायचा. पुण्यातच तयार होऊन २०२० मध्ये आलेला ‘राजी’ दिसायला अतिशय देखणा आहे, दुर्गा आणि विष्णू त्याची कथा सांगतात, कला किंवा पुराणकथा या विषयांना तो चालेल. पण त्याची क्रियापदे मुख्यतः लढाईची आहेत, त्यामुळे निंबोणीताईंना हवी तशी चर्चा त्यावर फार लांब जाणार नाही. मला विचाराल तर संगणक बाजूला ठेवून मोक्षपट घ्यावा. परंपरेने तो ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण, आणि चाल ठरवणार कवड्या. मुलांना विचारावे की सद्गुण हा जर माणसाने स्वतः निवडायचा असतो, तर या खेळात तो कवड्यांच्या दानावर का सोडला आहे? पापपुण्य, प्रारब्ध आणि प्रयत्न यांविषयी त्या पटाचे एक ठाम मत आहे आणि ते केवळ नियमांतून कळते.

सेवानिवृत्त खडू

मोक्षपटाची सूचना मला मनापासून पटली. रानरेड्यांचे उदाहरणही विचार करायला लावणारे आहे आणि माझी तिसरी शंका मी निम्मी मागे घेतो. निम्मी ठेवतो ती अशासाठी की हे सर्व निंबोणीताईंना जमले याचे कारण त्यांची तयारी आहे. उद्या वरून परिपत्रक येऊन प्रत्येक शाळेला ‘खेळाधारित तास’ सक्तीचा झाला, तर बहुतेक ठिकाणी मुले खेळत राहतील आणि शिक्षक हजेरीपट भरत बसतील.

आणखी एक. ग्रामीण भागात ‘शाळेत गेम खेळायला लावतात’ हे वाक्य पालकांच्या कानी कसे पडते याचा विचार झाला आहे का? भ्रमणध्वनीवरच्या पैशांच्या खेळात घरे बसलेली लोकांनी पाहिली आहेत.

निंबोणी (धागाकर्ती)

सर, सक्तीच्या परिपत्रकाची भीती मलाही वाटते. पालकांचे म्हणाल तर दोघे जण मुख्याध्यापकांकडे आले होते आणि त्यांचा प्रश्न अगदी हाच होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामुळे तो भेद समजावणे आता थोडे सोपे जाईल. त्या दोघांना मात्र मी त्या वेळी तासालाच बोलावले. त्यांपैकी एक जण स्वतः अनेक वर्षे टायरगाडी घेऊन कारखान्यावर जातात. त्यांनी मुलांच्या मागे उभे राहून दोन नद्या पार होताना पाहिल्या आणि तिसऱ्या नदीला, गाडी तरंगवत न्यायची की नाही यावर, गटाला सल्ला दिला. तो सल्ला चुकला आणि दोन बैल बुडाले. पुढे तक्रार आली नाही.

मी मुद्दाम मागे ठेवलेली गोष्ट आता सांगते. आमच्या वर्गातील बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. सहाव्या तासाला मी विचारले की या खेळात काय नाही. जमीन कोणाची, हे उत्तर आले. बायकांना वेगळे काम का नाही, हेही आले. मग एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, म्हणाला, “मॅडम, ह्यांना उचल कोणी दिली?” क्षणभर मला प्रश्न कळला नाही. त्याचे म्हणणे असे होते की खेळ खिशातल्या पैशाने सुरू होतो. गाडी जोडून घर सोडणारा माणूस पैसे जवळ असताना निघतो, हेच त्याला खोटे वाटत होते. त्याच्या माहितीतला प्रवास मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने, म्हणजे अंगावरच्या कर्जाने, सुरू होतो आणि हंगाम संपताना ती फिटली की नाही यावर पुढचे वर्ष ठरते.

त्या दिवसापासून मुले स्वतःचा खेळ करत आहेत, सध्या पुठ्ठ्यावर. ठिकाणे गाव, वाटेतले दोन मुक्काम, फड, कारखाना आणि परत गाव अशी आहेत. खेळणारा एकटा नसतो, तो ‘कोयता’ असतो, म्हणजे नवराबायकोची जोडी. संकटांच्या पत्त्यांत बैल आजारी पडणे, खोपीला आग लागणे, वजनकाट्यावर नंबर न लागणे आणि लेकराला ताप येणे हे आहे. मिसिसिपीकाठ यांनी दिलेला इशारा वाचून मी जरा थबकले, कारण इथे यातना दुसऱ्याची नाही, पण वर्गात ती सगळ्यांचीही नाही. म्हणून पत्ते कोणी लिहायचे हे ठरवून घेतले : जे हंगामाला जाऊन आले आहेत त्यांनीच. बाकीच्यांनी नियम तपासायचे.

एका मुद्द्यावर मात्र वर्गात तट पडले आहेत. सुरुवातीला ‘तुम्ही कोण’ या प्रश्नात मुकादम हा पर्याय ठेवायचा का? तिघांचा आग्रह आहे की ठेवावा, कारण मुकादमाच्याही अंगावर कारखान्याचे पैसे असतात. उचलीचा प्रश्न विचारणारा मुलगा म्हणतो की ठेवला तर सगळे मुकादमच होतील, जसे सगळे सावकार झाले होते.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. त्रैराशिक, आपण सांगू शकाल. खेळ कर्जाने, म्हणजे ऋण संख्येने, सुरू होत असेल तर वाटेत खर्च कशातून करायचा?

त्रैराशिक

ताई, पैसे एकाच रकान्यात ठेवू नका. उचल वेगळी लिहा आणि हातखर्च वेगळा. उचल फक्त फडावर टनामागे कमी होईल, हातखर्च प्रत्येक मुक्कामाला. हातखर्च संपला तर उचल वाढवून घेता येईल, पण तेव्हा मुकादमाचा पत्ता उचलावा लागेल आणि त्यावर काय लिहायचे ते त्या मुलालाच विचारा.

मूळ आज्ञावलीत यासारखी एक जागा आहे. प्रवासी आजारी पडला की वैद्याचे २० डॉलर द्यावे लागतात, आणि तेवढे हाती नसतील तर संगणक ‘तुम्हाला वैद्य परवडत नाही’ एवढे छापून खेळ तिथेच संपवतो. तुमच्या पुठ्ठ्यावर लेकराच्या तापाचा पत्ता निघेल तेव्हा हीच ओळ लागणार. ती तशीच ठेवायची की तिथे उचल वाढवायची मुभा द्यायची, हे वर्गात मतदानाने ठरवून घ्या आणि मला कळवा. मग संचयी आकड्यांची ओळ मी मांडून देतो. मुकादमाच्या पर्यायाबाबत माझे मत त्या मुलाच्या बाजूने आहे, पण तिघांना एक संपूर्ण डाव मुकादम होऊन खेळू द्या आणि नोंदवही त्याच्याकडे द्या.